लाल सलाईन थांबवू नका

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

बाबा, कॅन्सरचं औषध फक्त गरम केलेल्या गाठीतच सोडता येतं, ही तुम्ही पाठवलेली बातमी खरी आहे. हे काम इथेच, ऑक्सफर्डच्या चर्चिल हॉस्पिटलमध्ये झालं. पण त्याची वाट बघत आईची केमोची उरलेली दोन सलाईन पुढे ढकलू नका. हे आधी सांगते, बाकीचं मग.

आई, तुझं ते लाल औषध, डॉक्सोरुबिसिन, तेच त्यात वापरलं होतं. फक्त ते चरबीच्या पिशवीत भरलेलं असतं. मिलिमीटरचे दहा हजार भाग केले तर त्यातला एक, एवढीशी पिशवी. तिला लायपोसोम म्हणतात. थंडीत आपलं तूप डब्यात कसं घट्ट बसतं आणि गरम भातावर पडलं की सुटतं, तशी तिची भिंत. अंगाच्या 37 अंशांना घट्ट, 40-41 च्या आसपास सैल. पूर्ण वितळतही नाही; थिजलेल्या तुकड्यांमधले सांधे उघडतात आणि काही सेकंदांत औषध बाहेर येतं. पिशव्या रक्तातून सगळीकडे फिरतात, पण बाहेरून ध्वनिलहरींनी शेकलेल्या गाठीतच सांडाव्यात, असा बेत.

दहाच रुग्ण होते, यकृतात गाठी असलेले. 2018 मध्ये निकाल छापून आला: शेकल्यावर गाठीतलं औषध सरासरी 3.7 पट झालं. काल तो पुन्हा वाचताना तुझे सोललेले ओठ डोळ्यांसमोर आले, आणि हे लवकर सगळ्यांना मिळावं असं फार वाटलं.

पण बाबा, गाठीत औषध पोचलं म्हणजे माणूस बरा झाला असं होत नाही. यकृताची गाठ सुईने जाळताना हेच पिशवीतलं औषध देऊन 701 रुग्णांवर मोठी चाचणी झाली होती. 2013 मध्ये कळलं, आजार थोपवण्यात ठरवलेला फायदा दिसला नाही.

आणि मुख्य म्हणजे आईची गाठ ऑपरेशनने निघाली आहे. शेकायचं कुठे? आताचं सलाईन कुठे दडून बसलेल्या पेशी असतील त्यांच्यासाठी आहे. ते अंगभर जायलाच हवं.

आई, सलाईननंतर एक-दोन दिवस लघवी लालसर झाली तर घाबरू नकोस, तो औषधाचाच रंग. ताप आला तर मात्र सकाळची वाट न बघता, रात्रीच डॉक्टरांना फोन करा. बाबा, आईच्या हृदयाच्या टू-डी एकोचा रिपोर्ट आला की फोटो पाठवा, मी जागीच असेन.

तुमची,
ताई