बॅनरच्या दोऱ्या सोडणाऱ्या काकांना

काका,

शनिवारच्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याच्या गडबडीत तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून काकाच म्हणते. कॉलेजच्या त्या छोट्या स्टेडियमच्या फाटकाशी पिवळं जाकीट घालून तुम्ही तिकिटं बघत होतात आणि मी व्हीलचेअर ढकलत आले होते. मनातलं मला मराठीतच नीट लिहिता येतं. माझी लेक तुमच्याच कॉलेजात शिकते, ती तुम्हाला शोधून काढून याचा अर्थ सांगणार आहे.

नात मध्यंतरात मैदानावर चालत वाजवणाऱ्या मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते, ते एकदा डोळ्यांनी बघायचं म्हणून माझे बाबा या वयात एवढा लांबचा प्रवास करून अमेरिकेत आले. मला मात्र स्टेडियम म्हटलं की पोटात गोळा येत होता. गेल्या खेपेला मी त्यांना एका बड्या विद्यापीठाच्या अवाढव्य स्टेडियममध्ये नेलं होतं. व्हीलचेअरची जागा आधीच राखून ठेवली होती. तरी पुढच्या रांगा सामनाभर उभ्या आणि बाबांसमोर नुसत्या पाठी. वर मला सांगितलं, सोबतच्यांनी इथे थांबायचं नाही, दुसरीकडे बसा. अपंगांच्या हक्कांचा कायदा या देशात १९९० पासून आहे. पुढचे लोक उभे राहिले तरी व्हीलचेअरवरच्या माणसाला मैदान दिसावं, शेजारी सोबत्याला जागा असावी, हे त्याखालच्या बांधकामाच्या नियमांतच आहे. मी तसं म्हटलं, तर तिथला माणूस माझ्याकडे न बघता पुढच्याचं तिकीट तपासायला लागला. बाबा म्हणाले, ‘जाऊ दे गं, आवाज येतोय ना.’ ते वाक्य मला अजून टोचतं.

तुमच्याकडे ना लिफ्ट, ना राखीव कक्ष. कुंपण आणि त्यामागे अॅल्युमिनियमची बाकं. कॉलेजांच्या खेळातल्या डिव्हिजन थ्री या तिसऱ्या गटातलं कॉलेज, खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायची नाही असा त्या गटाचा नियमच, म्हणजे पैशाचा झगमगाट नाही. तुम्ही आम्हाला कुंपणालगतच्या सपाट जागेवर आणलंत आणि माझ्यासाठी घडीची खुर्ची उघडून बाबांच्या शेजारी ठेवलीत. इथवर कुणीही भला माणूस करेल.

मग तुम्ही गुडघ्यावर हात टेकून हळूहळू खाली बसलात. तुमचं वयही काही कमी नसावं, उठताना त्रास झालेला मी पाहिला. बाबांच्या डोक्याशी डोकं नेऊन तुम्ही मैदानाकडे पाहिलंत. कुंपणावर जाहिरातीचा एक बॅनर बांधलेला होता. उभ्या माणसाला त्याची अडचण नव्हतीच, मलाही ती जाणवली नव्हती. तुम्ही काही न बोलता वरच्या दोन्ही दोऱ्या सोडल्यात आणि बॅनर खाली दुमडलात.

मी किती वर्षं बाबांची खुर्ची ढकलतेय, काका. रॅम्प दाखवणारी, दार धरणारी माणसं भेटली, त्यांचे उपकार आहेतच. पण बाबांना तिथून काय दिसतं ते खाली बसून पाहणारं कुणी भेटलं नव्हतं. मीसुद्धा कधी पाहिलं नव्हतं.

जाता जाता तुम्ही बाबांना आधी चार बोटं दाखवलीत, मग दहा: चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा. तेवढ्यावर त्यांना खेळ कळला. साखळी घेऊन माणसं अंतर मोजायला मैदानात आली की ते खुर्चीतून पुढे झुकायचे आणि मला गप्प करायचे. मध्यंतराची वीस मिनिटं म्हणजे त्यांचा खरा सामना. बँड वळत वळत आमच्या बाजूच्या रेषेपर्यंत आला. तो बॅनर तसाच असता, तर नातीच्या टोपीवरचा तुरा तेवढा दिसला असता. बाबांना तिची पावलं दिसली. ‘डावा पाय बरोब्बर पडतोय तिचा,’ एवढंच म्हणाले आणि चष्मा काढून पुसत बसले.

अशा माणसांच्या जिवावर म्हाताऱ्या माणसांना घेऊन बाहेर पडायचा धीर होतो. त्या मोठ्या स्टेडियममधल्या कुणी हे वाचलं, तर त्यांनी एकदा आपल्याच मैदानात खुर्चीत बसून बघावं, एवढीच विनंती.

सामना संपला, गर्दी निघाली. बाबांना गाडीत बसवून मी राहिलेली शाल घ्यायला परत आले. सगळं रिकामं झालं होतं आणि तुम्ही कुंपणाशी वाकून त्या दोन दोऱ्या परत बांधत होता. माझा आवाजच फुटेना, तशीच मागे फिरले. तेव्हा म्हणायचं राहिलेलं आज लिहिते आहे. काका, मनापासून आभार.