स्पीकर बदलायच्या आधी हे बघ

कोथरूड, पुणे

प्रिय अव्या,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला, बासची लो ई (सगळ्यात जाड तार) मारली की ॲम्पमधून येणारी ती फर्रर्र नीट कळतेय. दुकानात लगेच स्पीकर गेलाय म्हणाले आणि तू पैसे जमवायला लागलास, जरा थांब रे. आवाज नेमका कुठे फाटतोय ते कळल्याशिवाय एक रुपया काढू नकोस.

आधी गिटार बघ. तुझा बास ॲक्टिव्ह (आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला) आहे ना, मग आतली ९ व्होल्टची बॅटरी बदल, ती उतरली की जोरात मारलेली नोट अश्शीच फाटते आणि दोष ॲम्पला जातो (आणि वाजवून झालं की केबल काढत जा, जॅकमध्ये राहिली की बॅटरी उतरतच राहते). पेडल सगळे बाजूला ठेव, एक चांगली केबल घेऊन थेट ॲम्पला लाव. गेन (आत येणाऱ्या सिग्नलचा नॉब) खाली, मास्टर (शेवटच्या आवाजाचा) वर. क्लिपचा लाइट (सिग्नल जास्त झाला की लागतो तो) लागत नाहीये तरी फाटतंय, तर गडबड पुढे कुठेतरी आहे.

मग ॲम्पच्या मागचा इफेक्ट्स लूप, म्हणजे मध्ये पेडल जोडायचे सेंड (बाहेर) आणि रिटर्न (परत आत) हे दोन जॅक. तू तो वापरत नाहीस, म्हणूनच रिटर्नच्या जॅकमधला कॉन्टॅक्ट आपल्याकडच्या पावसाळ्यात काळा पडतो आणि सिग्नल तिथूनच जात असतो. सेंडमधून रिटर्नला छोटी पॅच केबल लावून बघ, आवाज साफ झाला तर चोर सापडला, तपकीर गल्लीतून कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आण, काम झालं.

तरी नाही गेलं तर कॅब, म्हणजे स्पीकरची पेटी. एकाच नोटला खडखडतंय का प्रत्येक जोरातल्या नोटला फाटतंय, हे कान देऊन ऐक. एकाच नोटला असेल तर बहुतेक जाळी, हँडल नाहीतर ढिला स्क्रू, सगळं आवळून घे. चरचर फक्त वरच्या सुरांत असेल तर ट्वीटरचा (त्या सुरांच्या छोट्या स्पीकरचा) नॉब शून्यावर नेऊन बघ. आणि प्रत्येक नोटला असेल तर ॲम्प बंद करून जाळी काढ, दोन्ही हातांची बोटं कोनवर (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्यावर) सगळीकडून सारखी टेकव आणि अगदी हलकेच आत दाब. बोटांना खरखर लागली तर व्हॉइस कॉइल (कोनमागची तारेची गुंडाळी) घासतेय, मग मात्र दुकानवाले बरोबर, पण तेव्हाही आधी रीकोनचं (त्याच स्पीकरला नवा कोन-कॉइल बसवण्याचं) विचार, नवा स्पीकर नंतर. तुझ्या कॅबमध्ये दोन आहेत, एक मुका झाला असेल तर सगळा भार दुसऱ्यावर येऊन तोच फाटतो, म्हणून मल्टिमीटरने दोन्ही वेगवेगळे मोज, वायर काढून. ८ ओहमचा स्पीकर ६ च्या आसपास दाखवतो, काहीच दाखवलं नाही तर तो गेला.

ॲम्प उघडू नकोस हां, प्लग काढला तरी आतले कपॅसिटर चार्ज धरून असतात. आणि हेडपासून (ॲम्पच्या डब्यापासून) कॅबपर्यंत गिटारची केबल अजिबात नको, स्पीकर केबलच लाव.

रविवारी माझा कॅब घेऊन येतो, तुझा हेड त्याला लावून बघू. त्याच्यावरही फाटलं तर हेड रिपेअरला द्यायचा, तुझ्या स्पीकरना हात लावायचा नाही.

तुझा,
पक्या