देणगीदारांचे फोन नंबर पानावर येऊ न देणाऱ्या ताईंस

प्रिय ताई,

दिवसभराची नोकरी आटोपून राजारामपुरीतून मंगळवार पेठेत यायचं, तेही एका छोट्या वाचनालयाच्या पुस्तकयादीसाठी, एवढं कोण करतं? नाव छापू नका म्हणालात, म्हणून छापत नाही. आभार मात्र चारचौघांत मानणार आहे, कारण तुम्ही जे समजावलंत ते इतर वाचनालयांनाही उपयोगी पडेल.

आमच्या नोंदी एक्सएमएलमध्ये, म्हणजे प्रत्येक माहितीला नावाची खूण लावून तिचा ‘घटक’ केलेल्या फाइलमध्ये आहेत. ग्रंथनाम, लेखक, प्रकाशनवर्ष, दाखल क्रमांक. शिवाय फक्त कार्यालयासाठी खरेदीची किंमत, देणगीदाराचं नाव आणि फोन. एक्सएमएलचं रूप बदलणाऱ्या एक्सएसएलटी या भाषेतले नियम लावून त्यातून वाचकांसाठी एचटीएमएल, म्हणजे वेबचं, पान तयार होतं. वाचनालयाचं सॉफ्टवेअर बदललं आणि नव्या फाइलवर तक्ताच उमटेना. पानभर नुसता सलग मजकूर, आणि त्यात फोन नंबरसुद्धा. राजर्षी शाहूंवरच्या जुन्या पुस्तिका ज्यांनी घरच्या कपाटातून काढून विश्वासाने आमच्या हाती दिल्या, त्यांचे नंबर असे उघड्यावर आलेले पाहून जीव कासावीस झाला. पान लोकांपर्यंत गेलेलं नव्हतं, हे नशीब.

सीएसएसने, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या नियमांनी, तेवढा भाग लपवावा, असा एक सल्ला आला होता. तुम्ही तो तिथंच थांबवलात. लपवलेला मजकूर पानाच्या सोर्समध्ये तसाच राहतो, कुणीही उघडून वाचू शकतो. तो पानावर येतो कुठून, ते आधी बघू, म्हणालात.

मग तुम्ही जे सांगितलंत ते मी कधी विसरणार नाही. एक्सएसएलटीमध्ये आपण न लिहिलेले काही नियम आधीपासूनच असतात. एखाद्या घटकासाठी टेम्प्लेट, म्हणजे तो पानावर कसा मांडायचा याचा आपण लिहिलेला नियम, सापडलं नाही, तर प्रोसेसर (हे नियम चालवणारा प्रोग्रॅम) त्याच्या पोटातल्या घटकांकडे जातो आणि शेवटी हाती लागेल तो मजकूर जसाच्या तसा पानावर उतरवतो. १९९९ च्या पहिल्या आवृत्तीपासून हे असंच आहे. ‘पाटाला पाणी सोडलं की ते वाट मिळेल तिकडं जाणारच, दारं कुठं धरायचं ते आपण ठरवायचं,’ हे तुमचं वाक्य ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

आमचं एकही टेम्प्लेट का लागू होत नव्हतं, तेही तुम्ही शोधलंत. नव्या फाइलच्या मूळ घटकावर डीफॉल्ट नेमस्पेस, म्हणजे आतल्या सगळ्या घटकांना आपोआप लागणारं जणू आडनाव, आली होती. दिसायला नावं तीच, पण प्रोसेसरच्या लेखी ते घटकच वेगळे. स्टाइलशीटमध्ये, म्हणजे आमच्या नियमांच्या फाइलमध्ये, त्या नेमस्पेसला प्रिफिक्स (नावाआधीचं छोटं अक्षरचिन्ह) देऊन तो प्रत्येक मॅचमध्ये आणि सिलेक्टमध्ये, म्हणजे घटकांची नावं येतात तिथं, लावला, आणि तक्ता परत आला. तयार पानाच्या एचटीएमएल टॅगवर ती नेमस्पेस उगाच उमटायला लागली, ती एक्सक्लूड-रिझल्ट-प्रिफिक्सेस या सूचनेने गेली.

तरी प्रत्येक नोंदीखाली किंमत आणि फोन होतेच. तिथं अप्लाय-टेम्प्लेट्सला, म्हणजे आतल्या घटकांना नियम लावायच्या आज्ञेला, कोणते घटक घ्यायचे ते सांगणारं सिलेक्ट दिलेलं नव्हतं, म्हणून नोंदीतली सगळीच मुलं, म्हणजे आतले घटक, रांगेत येत होती. सगळ्या मजकुरासाठी एकच रिकामं टेम्प्लेट लिहून मोकळं होता आलं असतं. तुम्ही ते टाळलंत, आणि मला ते फार पटलं. कारण काही ग्रंथनामांत तिरप्या अक्षरांचे शब्द आहेत, त्यांचा मजकूर याच आयत्या नियमाने पानावर येतो; तोही गप झाला असता. त्याऐवजी हवे तेच घटक सिलेक्टमध्ये घेतलेत, आणि देणगीदाराच्या घटकाला त्याच्या नावानिशी रिकामं टेम्प्लेट दिलंत. उद्या कुणी सिलेक्ट काढून टाकला तरी फोन बाहेर पडणार नाही.

सगळ्यात मोलाची गोष्ट त्यानंतरची. कुठल्याही घटकाला लागू पडेल असं, तारांकनाचं एक टेम्प्लेट तुम्ही लिहून दिलंत. ते पानावर काहीच छापत नाही, फक्त मेसेजमधून घटकाचं नाव कळवतं. नावानिशी लिहिलेल्या टेम्प्लेटला त्याच्याहून जास्त प्राधान्य असतं, त्यामुळे चालू कामात त्याची लुडबूड नाही. सॉफ्टवेअरवाल्यांनी घुसवलेला नवा घटक उद्या सिलेक्ट नसलेल्या ठिकाणी रांगेत आला, तर मला लगेच समजेल. २०१७ च्या ३.० आवृत्तीत टेम्प्लेट सापडलं नाही तर काय करायचं ते आधीच ठरवायला मोडवर (टेम्प्लेटांच्या गटावर) ऑन-नो-मॅचची सोय आहे, हेही तुम्ही सांगितलंत. आमचा प्रोसेसर १.० चा, म्हणून आम्हाला हाच मार्ग.

रिकाम्या ओळींचं काम घटकांमधली नुसती मोकळी जागा काढून टाकणाऱ्या स्ट्रिप-स्पेसने झालं. त्यात लेखकाचं नाव आणि आडनाव एकमेकांना चिकटलं, तेही तुमच्याच नजरेला आलं, आणि लेखकाच्या घटकापुरती जागा प्रिझर्व्ह-स्पेसने राखलीत.

घाईत नुसतं दुरुस्त करून गेला असतात, तरी आम्ही ऋणीच राहिलो असतो. तुम्ही शेजारी बसून, कीबोर्ड माझ्या हातात ठेवून हे शिकवलंत, आणि पुस्तकं देणाऱ्या माणसांची काळजी आमच्याइतकीच केलीत. त्याबद्दल मनापासून आभार.

मानधन घेतलं नाहीत, निदान घरातल्या एकाच्या नावे कायमचं सभासदत्व घ्या. आईंसाठी कादंबऱ्या बाजूला काढून ठेवल्या आहेत. संध्याकाळी वाचनालय उघडं असतं, त्यांना घेऊन नक्की या.

आपली,
पेठेतल्या वाचनालयाची ग्रंथपाल
कोल्हापूर