मतदार चिठ्ठीसोबत उमेदवारांचा गोषवाराही घरपोच द्या

महोदय,

निवडणूक आली की बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) घरोघर मतदार चिठ्ठी देतात. तीवर यादी भाग, अनुक्रमांक आणि केंद्राचा पत्ता असतो. घरटी एक मतदार मार्गदर्शिका देण्याचीही पद्धत आहे. मत कुठे आणि कसे द्यायचे ते यातून कळते, पण निवडणुकीला उभे कोण आहे याची एक ओळही त्यात नसते. ही माहिती सरकारदरबारी तयार असते; ती छोट्या पुस्तिकेत छापून चिठ्ठीसोबत घरोघर द्यावी, म्हणून हे पत्र.

सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांनंतर प्रत्येक उमेदवाराला नमुना २६ मध्ये शपथपत्र द्यावे लागते. त्याच्या भाग अ मध्ये सविस्तर तपशील आणि भाग ब मध्ये त्याचाच गोषवारा असतो: प्रलंबित खटले किती, शिक्षा झाली आहे का, विवरणपत्रातील उत्पन्न, स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबितांची जंगम-स्थावर मालमत्ता, देणी, शिक्षण. हा गोषवारा जवळजवळ जसाच्या तसा छापता येतो. आज शपथपत्रे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आणि मोबाइल ॲपवर मिळतात खरी, पण ती असतात स्कॅन केलेली, कित्येकदा हाताने लिहिलेली, डझनावारी पानांची. चौदा उमेदवारांची शपथपत्रे मोबाइलवर उघडून कोण ताडून पाहणार? गुन्ह्यांच्या जाहिराती वृत्तपत्रात तीनदा द्याव्या लागतात, पण त्या फक्त खटले असलेल्यांना, आणि त्यात मालमत्तेचा उल्लेख नसतो.

वेळ पुरेल का, ही शंका रास्त आहे. २०२४ च्या विधानसभेचे उदाहरण घेऊ. माघारीची मुदत ४ नोव्हेंबरला संपली आणि मतदान २० ला झाले. चिठ्ठ्यांचे वाटप मतदानाच्या पाच दिवस आधी संपवायचे म्हटले तर हाती अकरा दिवस उरतात. पहिले दोन दिवस जुळणी आणि प्रूफ, चार दिवस छपाई, उरलेले वाटपाला. हे जमायचे तर छाननी झाल्याबरोबर सगळ्यांच्या गोषवाऱ्याची जुळणी करून ठेवायला हवी. माघार झाली की गळालेल्यांची पाने काढायची, चिन्हे घालायची आणि उमेदवारांच्या अंतिम यादीतील क्रमानेच पाने लावायची. हा क्रम मतदानयंत्राशी जुळलाच पाहिजे, नाहीतर पुस्तिकेने गोंधळ वाढेल.

त्या निवडणुकीत २८८ जागांसाठी ४,१३६ उमेदवार होते, म्हणजे सरासरी चौदा. एकाला ए-पाच आकाराचे एक पान दिले आणि दोन पाने मुखपृष्ठ-मलपृष्ठाला ठेवली, तर सोळा पानांचा बरोबर एक फर्मा (एकच मोठा कागद छापून, घडी घालून होणारी पाने) होतो. घरटी चार मतदार धरले तर एका मतदारसंघाला साधारण पंच्याऐंशी हजार प्रती लागतील. सत्तर जीएसएमच्या (चौरस मीटरला सत्तर ग्रॅम वजनाच्या) कागदावर एक प्रत साडेसतरा ग्रॅमची होईल, म्हणजे एकूण कागद दीड टनाच्या आसपास. उमेदवार जास्त असतील तिथे दुसरा फर्मा जोडावा, पण अक्षर लहान करू नये. बारीक टाइपातला आकड्यांचा तक्ता ज्येष्ठांना वाचता येत नाही.

पानावर काय हवे, याबाबत आमचे दोन आग्रह आहेत. खटल्यांची नुसती संख्या छापू नये. आंदोलनातले जमावबंदी मोडल्याचे पाच खटले आणि खुनाचा एक खटला यांची तुलना आकड्यावरून होत नाही. भाग अ मध्ये गुन्ह्याचे थोडक्यात वर्णन आणि आरोप निश्चित झाले की नाही ही नोंद असते. ती शब्दांत द्यावी, नुसते कलम क्रमांक नकोत. दुसरे, फोटो आणि चिन्ह ठळक हवे. सारख्या नावाचे उमेदवार उभे करण्याची खोड जुनीच आहे, आणि २०२४ च्या लोकसभेत पिपाणी आणि तुतारी या एकमेकांशी गल्लत होणाऱ्या चिन्हांवरून काय वाद झाला हे वाचकांना आठवत असेल.

उमेदवारांची आश्वासने मात्र या पुस्तिकेत नकोत. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याच्या मतदार पुस्तिकेत उमेदवाराला ३२५ शब्दांचे निवेदन देता येते. ब्रिटनमध्ये प्रत्येक उमेदवाराला ६० ग्रॅमपर्यंतचे एक पत्रक टपालाने मोफत पाठवता येते. आपल्याकडे आयोगाने छापलेले आश्वासन लोकांना आयोगाचेच वाटेल, आणि त्यातली भाषा तपासण्यातच अकरा दिवस जातील. शपथेवर लिहून दिलेले तेवढेच छापावे. ‘ही माहिती उमेदवाराने दिली आहे, आयोगाने पडताळलेली नाही’ हे वाक्य प्रत्येक पानाखाली हवे. प्रूफवर उमेदवाराची सही चोवीस तासांत घ्यावी. ती न आल्यास शपथपत्रातील मजकूर कायम धरावा. एका शून्याच्या चुकीने दहा लाखांचे एक कोटी होतात, तेव्हा प्रूफ दाखवून सही मागण्याचा हा टप्पा कोणत्याही कारणाने टाळू नये.

वाटप टपालाने केल्यास मोठा भाग परत येईल. मतदार यादीत घर क्रमांकाच्या रकान्यात कित्येक ठिकाणी शून्य किंवा रेघ असते, आणि पोस्टमनला तेवढ्यावर घर सापडत नाही. बीएलओला वस्ती माहीत असते. पण तिथेही गळती आहे: सोसायटीच्या रखवालदाराकडे किंवा एखाद्या कार्यकर्त्याकडे अख्खा गठ्ठा सोपवला जातो. चिठ्ठ्या गठ्ठ्याने देऊ नयेत, घरातील प्रौढ व्यक्तीची सही घ्यावी, उरलेल्या परत जमा करून मोहरबंद कराव्यात, असे आयोगाचेच निर्देश आहेत. तेच पुस्तिकेला लावावेत.

महापालिकेच्या बहुसदस्यीय प्रभागात पाने अ, ब, क, ड जागांनुसार वेगळी करावी लागतील, कारण मतदार प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र मत देतो. तिथले काम राज्य निवडणूक आयोगाच्या अखत्यारीतले. विधानसभेसाठी अनुच्छेद ३२४ खालील अधिकारात भारत निवडणूक आयोग हे करू शकतो. पुढच्या एखाद्या पोटनिवडणुकीत एकाच मतदारसंघात प्रयोग करावा आणि किती प्रती पोचल्या, किती परत आल्या, प्रूफवर किती हरकती आल्या, याची नोंद जाहीर करावी.

– निवडणूक प्रक्रियेचे अभ्यासक मतदार