दोष संकोचाचाच नव्हे
गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढून वेदना देणाऱ्या एंडोमेट्रिऑसिस या आजारावरील लेखात (रविवार पुरवणी) निदानाच्या विलंबाचे खापर प्रामुख्याने स्त्रियांच्या संकोचावर फोडले आहे, ते पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना हा आजार असतो आणि त्यांतील अनेकजणी वेळेत डॉक्टरांपर्यंत पोहोचतातही. मात्र सोनोग्राफीत काही आढळले नाही, की वेदनाशामक गोळ्या आणि ‘मूल झाल्यावर थांबेल’ हा (न मागितलेला) सल्ला देऊन त्यांची बोळवण होते. वास्तविक, ओटीपोटाच्या अस्तरावरील या आजाराचे लहान ठिपके सोनोग्राफीत बहुधा दिसतच नाहीत. म्हणूनच युरोपातील तज्ज्ञांच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने खात्री होईपर्यंत न थांबता लक्षणांवरून संप्रेरकांचे उपचार सुरू करता येतात. हा मुद्दा लेखात यायला हवा होता.