रिपोर्ट व्हॉट्सॲपवर, समजावणारे कोणीच नाही

महोदय,

मिरजेत रक्त तपासण्यात माझी ३४ वर्षे गेली, तरी धाकट्या भावाचा रिपोर्ट पाहून पोटात गोळा आलाच.

आमची आई शेवटची सहा वर्षे आम्हाला ओळखत नव्हती; मला ती आपला भाऊ समजून 'दादा' म्हणायची. त्या धास्तीने भावाने पन्नाशी उलटताच 'फुल बॉडी' पॅकेज घेतले. त्यात अल्झायमरचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या एका आजाराचा, धोका सांगणारी 'एपीओई' ही जनुक तपासणीही घुसडलेली. आठ दिवसांनी पीडीएफ आली : 'ई३/ई४' (आई-वडिलांकडून आलेल्या या जनुकाच्या दोन प्रतींचे प्रकार), शेजारी लाल अक्षरांत 'हाय रिस्क'. लॅबला फोन केला तर "सर, तुमच्या डॉक्टरांना दाखवा." डॉक्टर म्हणाले, "ही तपासणी मी कुठे सांगितली होती?"

जनुक 'कोलेस्टेरॉलशी संबंधित' असे वाचून भावाने साजूक तूप आणि अंडी सोडली. संबंध आहे, पण ताटातल्या तुपाशी इतका सरळ नाही. मेंदू आपले कोलेस्टेरॉल स्वतःच तयार करतो. रक्तातले तिथे जवळजवळ पोचत नाही. या जनुकाचे प्रथिन मेंदूत त्याची ने-आण करते. ई४ प्रकाराचे प्रथिन या हमालीत कच्चे, शिवाय त्याच्यामुळे अमायलॉइडचा, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाचा, निचराही मंदावतो. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी ई४ आणि अल्झायमरचा संबंध दाखवला. एक ई४ असल्यास धोका साधारण तिप्पट धरतात, पण हे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांचे. दिल्लीजवळच्या बल्लभगडच्या खेड्यांत हा आजार आणि ई४, दोन्ही अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियापेक्षा कमी आढळले होते. ई४ असूनही नव्वदीत खणखणीत असलेली माणसे असतात, आणि ई४ नसतानाही अल्झायमर होतो. एवढे तरी लाल अक्षरांखाली छापायला काय हरकत होती?

डीएनएच्या रचनेसाठी नोबेल मिळालेल्या जेम्स वॉटसन यांनी २००७ मध्ये आपला सगळा जनुकसंच जाहीर केला. फक्त हे एक जनुक झाकून ठेवायला सांगितले. त्यांच्या आजीला अल्झायमर होता. माझ्या भावाला मात्र 'जाणून घ्यायचे आहे का' एवढेही कोणी विचारले नाही.

तपासणी बंद करा, असे मी म्हणत नाही. लेकॅनेमॅबसारख्या अल्झायमरवरच्या औषधाआधी ती करतात, कारण ई४ च्या दोन प्रती असणाऱ्यांत मेंदूला सूज येण्याचा आणि रक्तस्रावाचा धोका जास्त असतो. पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आणि आधी-नंतर समुपदेशन केल्याशिवाय विकू नये, असा नियम आरोग्य खात्याने करावा.

त्याच पीडीएफच्या तिसऱ्या पानावर एलडीएल, म्हणजे रक्तातले 'वाईट' कोलेस्टेरॉल, १६८ होते. मध्यमवयातले वाढलेले एलडीएल 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत धरले आहे. भावाने ते पान उघडलेच नव्हते.

— एक निवृत्त लॅब टेक्निशियन, मिरज
(नाव-पत्ता संपादकांकडे)