ज्ञान पोस्टमध्ये दिवाळी अंकही हवेत

टपाल खात्याच्या ‘ज्ञान पोस्ट’ या सवलतीत पुस्तके पाठवण्याच्या सेवेची बातमी वाचली. ३०० ग्रॅमपर्यंत २० आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये (कर वेगळा) हा दर स्वागतार्हच आहे. मात्र ठरावीक काळाने निघणारी प्रकाशने यातून वगळली आहेत. जाहिराती छापलेला मजकूरही चालत नाही. पुस्तकांची यादी किंवा किरकोळ निवेदन तेवढे चालते. म्हणजे १९०९ पासूनची परंपरा असलेला दिवाळी अंक दोन्हीकडून अडतो: तो दरवर्षी निघतो आणि मलपृष्ठावर जाहिरात असते. त्या जाहिरातींवरच तर त्याच्या छपाईचा खर्च भागतो. त्यातलीच कथा पुढे संग्रहात आली, पुस्तकावर प्रकाशकाचे नाव असले, की सवलत मिळते. टपाल खात्याने जाहिरातींच्या पानांची मर्यादा ठरवून वार्षिक साहित्यिक अंकांना हा दर लागू करावा.